चौथ्या मुसळाची उंची

आमच्या शालूला तिरकं कॅलेंडर बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी चहा येईपर्यंत तिचा जीव त्या खिळ्यात अडकलेला असतो आणि शेवटी ती उठून ते सरळ करतेच. मी तेहतीस वर्षं खोपटच्या डेपोत एसटी कंडक्टर होतो, चार माणसांत कसं वागावं हे मला कळतं. तिला नाही कळत. बायको आहे म्हणून सांगतो असं नाही, पण असं खोडीचं माणूस दुसरं बघितलं नाही, आणि तिच्याइतकं सरळ माणूससुद्धा बघितलं नाही.

ती मला पहिल्यांदा भेटली ती भांडायलाच. साल अठ्ठ्याऐंशी. माझी भिवंडी-ठाणे गाडी, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. बाळकुम नाक्यावर एक मुलगी दरवाजाच्या फळीएवढा ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून चढली. मी म्हटलं, "बोर्डाचं तिकीट पडेल." ती म्हणाली, "का? तो सीटवर बसलाय का?" गाडी हसायला लागली. नवीन कंडक्टरला गाडी हसलेली चालत नाही. मी इरेला पेटलो आणि बोर्डाचं अर्धं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. तिनं ते नीट वाचलं आणि म्हणाली, "याला घेऊन दोन महिने झालेत. पाच वर्षांखालच्यांना तुमच्याकडे फुकट असतं ना?"

ते तिकीट तिनं बोर्डाच्या मागे डिंकानं चिकटवलं. अजून आहे. आयटीआयची ड्राफ्ट्समनची दोन वर्षं ती त्याच गाडीनं आली-गेली आणि मी माझी ड्युटी त्याच गाडीवर लावून घ्यायचो. मी साताऱ्याकडचा, ती बाळकुमची आगरी, आजा-आजी मिठागरात राबलेले. आमच्या लग्नावरून दोन्ही घरं वर्षभर फुगून बसली. पुढे आमची मुलगी ऋतिका झाली तेव्हा दोन्हीकडची माणसं हॉस्पिटलात एकमेकांचे डबे खाताना सापडली, आणि तो विषय तिथंच मिटला.

शालूला कोलशेतच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून नोकरी लागली. तिथं रसायनांच्या टाक्या आणि त्यांच्या आतली यंत्रं बनायची. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढणार, ही त्यावर पातळ कागद ठेवून शाईनं गिरवणार. चुकलं की अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची, आणि खरवडताना कागद फाटला की सगळं पहिल्यापासून. नकाशावर बोटाचा डाग दिसला तरी ती तो कागद बाजूला टाकायची. मी म्हणायचो, अगं, डागानं टाकी गळणार आहे का? त्यावर ती माझ्याकडे असं बघायची की मी पंढरीशेठ हलवायाचा पेढा फुकट मागितलाय.

प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात तीन घरं. पहिलं डिझाइन कोणी केलं, दुसरं ड्रॉइंग कोणी काढलं, तिसरं तपासलं कोणी. शालूचं नाव कायम मधल्या घरात. एकवीस वर्षं. वरच्या घरात साहेब, खालच्या घरात मोठे साहेब. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "तू सँडविचमधली काकडी." त्या दिवशी ती हसली नव्हती, हे मला उशिरा लक्षात आलं.

शहाण्णव साली कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एसीची खोली, बाहेर चपला काढायच्या. बोर्डावर हयात गेलेले चार जण त्या खोलीकडे फिरकेनात. शालू ड्युटी सुटल्यावर डोंबिवलीला क्लासला जायला लागली. सहा महिने मी घरी भात लावला आणि पोरीला तोच खायला घातला. एका रात्री ती घरी आली, पर्स खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "अहो, आता रेघ पुसली तर कागदाला जखम होत नाही." मला काही कळलं नाही. पण तिचा चेहरा बघून मी त्या दिवशी भातावर तूप जास्त वाढलं.

कारखाना दोन हजार अकराला बंद पडला. त्या जागेवर आज टॉवर आहे, खाली पोहण्याचा तलाव. शालूनं खोपटला, डेपोसमोरच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावरची खोली घेतली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि जुना बोर्ड भिंतीला टेकवलेला. बाहेर पाटी: 'येथे सर्व प्रकारची ड्रॉइंग काढून मिळतील.' मी म्हटलं, सर्व प्रकारची कशाला लिहितेस, उद्या कोणी कुंडली घेऊन येईल. कुंडली नाही आली, बाकी सगळं आलं. सोनार आला, त्याला ठुशीच्या मण्याचा साचा बनवायचा होता. दाताच्या डॉक्टरीण बाईंचा लॅबवाला आला आणि आठवडाभर त्या खोलीतल्या स्क्रीनवर कोणाची तरी दाढ फिरत होती, डबा खाताना समोर. शाळेच्या युनिफॉर्मवाल्याला एका ताग्यातून जास्त शर्ट काढायचे होते, तर हिनं कापडावर बाह्या आणि कॉलर अशा काही बसवल्या की मध्ये चिंधी उरेना. गणपतीच्या आधी मखरवाले. मिठाईच्या खोक्याची घडी. एका जिन्याचा कठडा. सगळ्यांचं काम एकाच पडद्यावर, एकाच माउसनं. मला याचं अजून नवल वाटतं.

तिचं एक तत्त्व होतं. लोक मोडकं काहीतरी घेऊन यायचे, याच्यासारखं दुसरं करून पाहिजे म्हणायचे. शालू त्यांना सुनावायची, "याच्यासारखं नाही, हे नवीन असताना जसं होतं तसं. मी झिजलेलं काढत नाही, मूळ काढते." चारी बाजूंनी माप घ्यायचं, कुठे घासलंय ते ओळखायचं आणि तेवढं मनानं भरून काढायचं. यात तिचा हात कोणी धरत नसे. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांच्या आधी तिनं उजेडात धरला आणि म्हणाली, "इथं चार मिलिमीटर गेलंय." चौदा वर्षांत खोपटच्या खोलीतून गेलेलं एकही ड्रॉइंग चुकीचं म्हणून परत आलं नव्हतं. हे ती स्वतः कधी बोलायची नाही, म्हणून मीच सगळ्यांना सांगायचो.

यंदाच्या मार्चात हौसामावशी आली.

हौसाबाई भोईर म्हणजे बाळकुम गावातली, शालूच्या आईची मैत्रीण. सत्तरी पार, काटक, आवाज पलीकडच्या टॉवरच्या आठव्या मजल्यावर जाईल असा. गावठाणात तिचा मसाल्याचा डंक आहे. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चार लोखंडी उखळं, त्यांत चार लोखंडी मुसळं, आणि मोटर ती मुसळं आळीपाळीनं उचलते आणि सोडते. मिरची पहिल्या उखळात पडते आणि कुटत कुटत चौथ्यात पोचते. मुसळ उचलणाऱ्या तुकड्याला कॅम म्हणतात. गोल चकतीला एका बाजूला पोट सुटलंय असं समजा. चकती फिरते, पोट वर आलं की मुसळ वर जातं, पोट निघून गेलं की मुसळ खाली पडतं; पोट जितकं मोठं, तितकं मुसळ उंचावरून पडतं. मावशीचा नवरा गणू चाळीस वर्षं हा डंक चालवत होता. तो चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्यामागे मावशी एकटीनं चालवते.

ऐन सीझनला डंकाचं बेअरिंग अडकलं, दांडा वाकला आणि चारातले दोन कॅम फुटले. यंत्र बनवणारी कंपनी कधीच गेलेली. मार्च ते मे, तीनच महिने बायका वर्षाचा मसाला कुटून घेतात. "यंदा डंक बंद ऱ्हायला तर बायका दुसरीकरं जातील," मावशी म्हणाली. "एकदा जेल्या की परत येत नाय गो. मंग तो कायमचाच बंद." पुतण्या जागेवर डोळा ठेवून होताच. आणि डंक बंद झाला की मावशीनं सकाळी उठून करायचं काय, हे कोणी बोललं नाही, पण तिथं बसलेल्या आम्हा तिघांनाही तेच दिसत होतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत उत्तमचं छोटं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही ड्रॉइंग द्या, माझं मशीन जाड पत्र्यातनं केकसारखं कापून देतं." शालू त्याच दुपारी डंकावर गेली. चारही कॅम धुऊन-पुसून पाटावर मांडले, फुटलेले जोडून बघितले, मापं वहीत टिपली. रात्रीपर्यंत ड्रॉइंग तयार. दोनच बदलण्यापेक्षा चारही नवे करायचे, म्हणून एक कॅम काढला, त्याच्याच तीन कॉप्या केल्या, दांड्यावर फिरवून बसवल्या. चार दिवसांत कॅम आले, दांडा आला, डंक सुरू झाला. मावशीनं जुने चारही कॅम भंगारवाल्याला देऊन टाकले आणि आम्हाला नारळ दिला.

मावशीची पद्धत अशी की सीझनचा पहिला घाणा स्वतःच्या घरचा. गिऱ्हाइकाचं नंतर. तिसऱ्या दिवशी ती खोपटचा जिना चढून आली, टेबलावर पुडी ठेवली आणि म्हणाली, "बघ."

मसाला काळपट होता. वास होता, पण करपट, भाजणी पुढे गेल्यासारखा. शालू म्हणाली, "मावशी, मिरची तशी असेल." मावशी म्हणाली, "मिरची मना इचारतंस?" शालू म्हणाली, "ड्रॉइंग बरोबर आहे. मी दोनदा चेक केलंय." आवाज चढला होता तिचा. मी मध्ये पडलो आणि दोघींकडून ऐकून घेतलं. मावशी पुडी तिथंच ठेवून गेली. रात्री मी त्याच मसाल्याची बोंबलाची आमटी केली. शालूनं दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळकुमला गेलो. भिंतीला लागून मिरचीच्या पिशव्यांची रांग होती, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. बायका अजून थांबून होत्या, पण पिशव्या उचलून न्यायला कितीसा वेळ लागतो. मावशीनं डंक चालू केला आणि शालूला म्हणाली, "आयक. चौथा जोरान परतंय."

शालूनं विचारलं, "म्हणजे? चारही सारखेच पडायला पाहिजेत ना?"

"नाय गो. चौथा हळू परायचा." मावशी उखळाशेजारी टेकली. "नवीन व्हता तवा मसाला असाच काला व्हायचा. पार तापायचा. मंग आमच्या गणून चौथा कॅम कारला, आन कानस घेऊन बसला. रोज थोरा घासायचा, लावायचा, मसाला बघायचा. आख्खा सीझन. मंग कुठं लाल आयला. तवापासून तीन जोरान आन चौथा हळू."

शालूनं पर्समधून वही काढली, पान उघडलं. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पहिला कॅम, आकडा. दुसरा, आकडा. तिसरा, आकडा. चौथ्यापुढे आकडा नव्हता. तिच्या सुंदर अक्षरात एकच शब्द होता: झीज.

एका माणसानं सीझनभर कानस मारून जे बनवलं होतं ते तिनं झीज समजून भरून काढलं होतं. आणि झिजलेल्याचं माप कशाला घ्यायचं, म्हणून घेतलंही नव्हतं.

"मावशी, तुम्ही मला बोलला का नाही?" तिनं विचारलं.

"तू मापा घेतलीस ना? मना वाटला, तुला दिसला आसंल."

मी भंगारवाल्याकडे स्कूटर पिटाळली. माल आदल्या दिवशीच ट्रकमध्ये चढून गेला होता. परत आलो तेव्हा शालू गणूच्या फोटोसमोर उभी होती. फोटो तिरका होता. तिनं त्याला हात लावला नाही.

त्या रात्री माझी बायको रडली. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला कामावरून रडताना कधी बघितलं नव्हतं, कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीसुद्धा नाही. म्हणाली, "अहो, त्यांनी डिझाइन केलं होतं. मला डिझाइन दिसलं नाही." मी म्हटलं, "आकडा गेला असेल, पण मावशीचे कान आहेत ना?" मी सहज बोललो होतो. ती मात्र उठून बसली.

सकाळी तिनं ड्रॉइंग उघडलं. कॉम्प्युटरचं हे एक बरं असतं, कॅमच्या पोटाचा एक आकडा बदलला की बाकीची वळणं आपसूक बदलतात. तिनं पाच चौथे कॅम काढले: मूळ उंचीपेक्षा चार मिलिमीटर कमी, सहा कमी, आठ, दहा, बारा. शिळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत मी तिला डोंबिवलीला नेलं. उत्तम म्हणाला, "मॅडम, पाच वेगवेगळे? बरोबर कुठला?" शालू म्हणाली, "मला माहीत नाही." हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी दुपारी उत्तम स्वतः पाने-पक्कड घेऊन बाळकुमला आला. मावशी डंकाकडे पाठ करून स्टुलावर बसली, डोळे मिटून. पिशव्यांच्या बायकाही आल्या होत्या. एकेक कॅम बसवायला अर्धा तास जायचा.

चार कमी. धाड, धाड, धाड, धाड. "नाय," मावशी म्हणाली.

सहा कमी. "नाय."

आठ कमी. आता मलासुद्धा चौथा ठोका वेगळा ऐकू आला. मावशीनं मान थोडी वर केली. "नाय. पन वलखीचा हाय."

दहा कमीला तिनं एक कान डंकाकडे वळवला. आम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत होतो. "थोरा आजून," ती म्हणाली. उत्तमनं बाराचा लावला. तो ठोका ऐकून ती हसलीच. "ह्यो झोपला."

"अकरा," शालू म्हणाली. उत्तम म्हणाला, "मॅडम, एका मिलिमीटरनं काय..." आणि शालूनं त्याच्याकडे बघितल्यावर गप्प बसला. दुसऱ्या दिवशी तो अकराचा घेऊन आला.

धाड, धाड, धाड, धप्प.

मावशीचे हात मांडीवर होते. तिनं बोट हलवायला सुरुवात केली. तीनदा हलवायची आणि चौथ्याला थांबायची. मग तोंडाला पदर लावला. "ह्योच," म्हणाली. "ह्योच गो त्याचा." रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, मिरची हवेत होतीच, त्यामुळे कोणाला कारण द्यावं लागलं नाही.

संध्याकाळी घाणा निघाला. लालभडक. मावशीनं चिमूट शालूच्या तळहातावर ठेवली आणि पहिली पिशवी उचलून उखळात रिकामी केली.

आठवड्यानं शालूनं ड्रॉइंग छापून आणलं. पुन्हा कधी कॅम मोडला तर उत्तमकडे जायला उपयोगी, म्हणून डंकाच्या भिंतीवर लावायला. चौथ्या कॅमच्या पोटापाशी तिनं ठळक लिहिलं होतं: ही झीज नाही, उंची ११ मिमी कमीच ठेवावी. मी कोपऱ्यातली चौकट वाचली. डिझाइन: गणू भोईर. ड्रॉइंग: शालू. मी म्हटलं, "तू परत मधल्याच घरात?" ती म्हणाली, "माझं घर तेच आहे. शेजार चांगला मिळाला यंदा."

तिसरं घर रिकामं होतं. तिनं कागद मावशीपुढे धरला. "मावशी, इथं तपासणाऱ्याची सही लागते."

"मना येते सही," मावशी म्हणाली, जणू कोणी नाही म्हटलं होतं. घाणा अर्धवट सोडून ती आली, पेन घेतलं आणि जीभ दातात धरून एकेक अक्षर काढत 'हौसा गणू भोईर' असं लिहिलं. सही होईस्तोवर कागद हलू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा चौकटीवरच दाबून धरला होता. हात उचलला तेव्हा तिथं तिखटाचा लाल ठसा उठला होता, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

मी शालूच्या तोंडाकडे बघितलं. बोटाच्या डागासाठी हिनं आयुष्यात किती कागद फेकले ते मला माहीत आहे. म्हटलं, "आण, दुसरी प्रिंट काढून आणतो."

"काही नको," शालू म्हणाली. "तपासणी झाली."